घोटा, किरकोळ

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सरावाच्या आधी, हार्लन गोफोर्थचा अंगठा लमॉन्ट विदर्सच्या डाव्या पावलावर, कमानीच्या ऐन माथ्यावर टेकला आणि लमॉन्टचा गुडघा टेबलावरून वीतभर उडाला. हार्लनने चिकटपट्टीचा रोल उचलला, घोट्याभोवती नेहमीचे वेढे दिले, टाचेखालून दोन तिरके फेरे घेतले, टोक फाडले आणि पोटरीवर थाप मारून त्याला मैदानात पाठवले.

ती जागा त्याला ठाऊक होती. घोटा मुरगळला तर बाजूला दुखते, सुजते, निळे पडते आणि दोन आठवड्यांत विसरले जाते. कमानीच्या माथ्यावरचे ते होडीच्या आकाराचे चिमुकले हाड मात्र सुजत नाही, निळे पडत नाही. ते आतल्या आत चिरत जाते. तिथवर रक्त जेमतेम पोहोचते, त्यामुळे चिरले की सहजासहजी सांधतही नाही. उड्या मारून पोट भरू पाहणाऱ्या माणसाच्या अंगात भरवसा ठेवू नये असे एखादे हाड असेल, तर ते हेच.

सराव आटोपल्यावर हार्लनने लमॉन्टच्या फायलीत दोन शब्दांची नोंद केली: ‘घोटा, किरकोळ.’

खोटे लिहितो आहोत असे त्याला त्या क्षणी वाटलेही नाही. केंब्रेल कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा फिजिओ म्हणून एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला त्या खोलीचा शिरस्ता अंगवळणी पडलेला होता. फायलीत ‘गुडघा’ लिहिले की दुपारच्या आत कोचचा फोन येतो. ‘पाऊल’ लिहिले की संघाचे डॉक्टर, कोचचे सहायक आणि देणगीदारांपैकी एखादा, असे सगळे दारात उभे राहतात. ‘घोटा’ लिहिले की कोणीही येत नाही. घोटा सगळ्यांचाच दुखतो. म्हणून खेळाडूने जोवर एकही सराव चुकवलेला नाही, तोवर त्याचे जे काही दुखत असेल तो घोटाच असतो. हा नियम कोणी लिहिला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

केंब्रेल ही शिक्षणसंस्था आहे, असे तिच्या फाटकावरच्या चुनखडीत कोरलेले आहे. केंटकीच्या पूर्वेकडच्या डोंगरांत, जिथे कोळसा संपला आणि माणसे उरली, तिथे हे फाटक उभे आहे. आत ग्रंथालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर पावसाळी दिवसांत बादल्या मांडाव्या लागतात. शेजारी सरावाची नवी इमारत आहे. तिच्यात खेळाडूंना पाय पसरून बसण्यासाठी चामड्याच्या खुर्च्या आहेत आणि पाण्यात चालण्याचा हौद आहे. कोच रस किंब्रो यांचा पगार राज्याच्या गव्हर्नरांपेक्षा जास्त आहे, आणि त्याबद्दल गावात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्या काळी कॉलेजच्या खेळाडूने मात्र कोणाकडून एक डॉलर घेतला तरी तो गुन्हा होता. त्याला मिळायचे ते शिक्षण. लमॉन्टला मिळालेले शिक्षण असे: मेम्फिसला नदीकाठी वाढलेल्या या मुलाला नद्या आपला मार्ग का बदलतात हे शिकायचे होते. भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेची वेळ दुपारी दोनची आणि सरावाची तीनची. दुसऱ्या आठवड्यात त्याचे नाव ‘सामान्य अभ्यासक्रमा’त गेले. तिथे हजेरी लागते आणि नदी लागत नाही.

मार्चअखेर मोसम संपला. लमॉन्ट दुसऱ्या वर्षाला होता, सहा फूट नऊ इंच, वय वीस. व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी नाव द्यायचे की आणखी दोन वर्षे कॉलेजात थांबायचे, हे त्याला एप्रिलच्या तेवीस तारखेपर्यंत, रविवारपर्यंत ठरवायचे होते. एकदा खेळाडूंचे करार जुळवणाऱ्या दलालाच्या कागदावर सही केली की परतीचे दार बंद. गावाने आपले मत त्याच्या आधीच ठरवून टाकले होते.

मॅव्हिसच्या उपाहारगृहात सकाळी पावासारख्या मऊ बिस्किटांवर पांढरी ग्रेव्ही ओतून घेत वेंडेल स्प्रॅडलिनने हार्लनला गाठले.

“काय डॉक, तुझा तो खांब राहतोय की पळतोय?”

“मला काय माहीत? मी पट्ट्या बांधतो.”

“फुकट शिक्षण, फुकट जेवण, फुकट बूट. आणि साहेबांना दोन वर्षांत निघायचंय! आणखी काय पाहिजे त्याला, पालखी?”

मॅव्हिस कॉफीचे भांडे घेऊन मागे उभी होती. “तू कितवीपर्यंत शिकलास रे, वेंडेल?”

“आठवी. का?”

“मग सोडलीस कशाला?”

“खाणीत पगार मिळत होता ना, बये!”

“हं,” मॅव्हिस म्हणाली. “घे, कॉफी घे.”

सगळे हसले. हार्लनही हसला आणि मध्येच थांबला. खिडकीबाहेर डेल कॉडिलची गाडी पंपावर उभी होती.

डेल कॉडिल हा हार्लनच्या मनात कायमचा बसलेला माणूस. वीस वर्षांपूर्वी तोही असाच टेबलावर उडाला होता. तेव्हा त्याचे तिसरे वर्ष होते आणि दोन संघांची माणसे त्याला पाहून गेली होती. “डॉक, जाऊ का थांबू?” असे त्याने विचारले होते, आणि हार्लनने, वडीलकीच्या सुरात, डिग्री घेऊन जा, असे सांगितले होते. डेल थांबला. हार्लन रोज पट्टी बांधत राहिला, रोज घोटा लिहीत राहिला, आणि चौथ्या वर्षाच्या जानेवारीत, भरल्या स्टेडियममध्ये, कोणाचा धक्का लागलेला नसताना डेल खाली बसला. डिग्रीही पूर्ण झाली नाही. तीन शस्त्रक्रियांत कोण वर्गात जातो? आता तो दगडखाणीच्या फाटकावर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर टिपतो. हार्लन दिसला की लंगडत पुढे येतो, मिठी मारतो, “माझे डॉक” म्हणतो. त्याने एकदा तरी शिवी दिली असती, तर हार्लनला बरे वाटले असते.

त्याच दुपारी लमॉन्ट खोलीत आला. दार लावून घेतले आणि टेबलावर न बसता उभाच राहिला.

“डॉक, खरं सांगायचं. माझ्या पायाला काय झालंय?”

“हाडाचा फोटो काढल्याशिवाय कसं सांगू?”

“तुम्ही फेब्रुवारीपासून तिथं अंगठा लावत नाही. सगळीकडे लावता, तिथं नाही. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?”

कपडे वाळवण्याची यंत्रे पलीकडच्या खोलीत घरघरत होती. हार्लनने लमॉन्टला दंडाला धरून तिकडे नेले, कारण तिथले बोलणे बाहेर जात नाही.

“ऐक. आपल्या डॉक्टरांकडे जाऊ नकोस. लेक्सिंग्टनला जा, तुझ्या नावानं, तुझ्या आईला घेऊन. कागद तुझ्या हातात राहू दे. पुढचं पुढं.”

“आई तर थांब म्हणतेय. डिग्रीशिवाय घरात पाऊल टाकू नकोस म्हणतेय.”

“तरी तिला ने. आणि मी सांगितलं हे कुठं बोलू नकोस.”

“तुम्ही घाबरलात का, डॉक?”

“हो,” हार्लन म्हणाला. एकतीस वर्षांत एखाद्या खेळाडूशी तो पहिल्यांदाच इतके सरळ बोलला असेल.

दुसऱ्याच दिवशी कोचचे बोलावणे आले. रस किंब्रो आवाज चढवत नसत. ते माणसाला मऊ खुर्चीत बसवत आणि घरच्यांची चौकशी करत. ती चौकशी सुरू झाली की जुनी माणसे सावध होत.

“बस, हार्लन. आर्डिथ कशी आहे? त्या इंजेक्शनांनी आराम आहे ना?”

“आहे, कोच.”

“कॉलेजचा विमा आहे म्हणून बरं. नाहीतर ती इंजेक्शनं काय आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली आहेत?” त्यांनी मान हलवली. “बरं, लमॉन्टचं पाऊल दुखतंय म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“माझ्या इमारतीत कोण लंगडतं ते मला कळतं. हे बघ, फोटो काढून घे. आपल्या डॉक्टरांकडून. रीतसर अहवाल फायलीत लाव. हाडात फट निघाली तर व्यावसायिक संघ ते वाचतील आणि हात आखडता घेतील. मुलगा राहील. शिकेल. शस्त्रक्रिया आपण करून देऊ, जानेवारीत मैदानात.”

“जानेवारी लवकर होते, कोच. त्या हाडाला वर्ष लागतं.”

“तू उभा करशील त्याला. तू नेहमीच करतोस.”

हार्लन बाहेर पडला. जो शब्द फेब्रुवारीत लिहिण्याची त्याची छाती झाली नव्हती, तोच शब्द लिहिण्याचा आता त्याला हुकूम मिळाला होता. तेव्हा लपवले ते मुलाने खेळावे म्हणून, आता सांगायचे ते मुलाने राहावे म्हणून. पाऊल दोन्ही वेळा मुलाचेच.

त्या संध्याकाळी त्याने घरी बायकोला, आर्डिथला, सगळे सांगितले. ती पिंटो घेवड्याचे दाणे निवडत बसली होती. सुजलेल्या बोटांनी हे काम फार सावकाश होत असे, आणि तिला त्यात मदत चालत नसे.

“नोकरी गेली तर?” त्याने विचारले.

“तर माझी बोटं दुखतील.”

“आर्डिथ, थट्टा करू नकोस.”

“थट्टा कोण करतंय? दुखतील म्हणजे दुखतील. माझ्या बोटांच्या आड लपू नकोस तेवढं. डेलच्या वेळी माझी बोटं चांगली होती.”

हार्लन तिच्यासमोर बसून राहिला, शेवटचा दाणा निवडून होईपर्यंत.

लेक्सिंग्टनचा अहवाल आला. हाड अर्ध्याहून जास्त चिरले होते. तिथल्या डॉक्टरांनी दुखणे कधीपासूनचे आहे असे विचारले आणि कॉलेजची फाईल मागवली. फायलीची प्रत लमॉन्टच्या आईच्याही हाती आली.

ओडेसा विदर्स मेम्फिसच्या एका वृद्धाश्रमात बावीस वर्षे रुग्णसेविका होती. शनिवारी, मुदतीच्या आदल्या दिवशी, ती रात्रपाळी करून थेट गाडीने आली होती. चर्चला जाताना घालतात तसा निळा पोशाख तिने घातला होता आणि फाईल पर्सखाली मांडीवर ठेवली होती. कोचच्या दालनात चौघेच होते: कोच, ती, लमॉन्ट आणि दाराजवळच्या खुर्चीत हार्लन. त्याला कोचनेच बोलावले होते. जानेवारीची ग्वाही द्यायला.

कोच छान बोलले. मुलाचे भवितव्य म्हणाले, कुटुंब म्हणाले, डिग्री हा शब्द तर सात-आठ वेळा म्हणाले. मेम्फिसचा दलाल शस्त्रक्रियेचा खर्च उचलतो म्हणतोय, पण उद्या कोणत्याच संघाने निवडले नाही तर तोच फोन उचलणार नाही, असेही म्हणाले, आणि हे खोटे नव्हते. ओडेसा मान डोलावत होती.

“मला तेच हवंय,” ती म्हणाली. “माझ्या घरात कोणाची डिग्री नाही. पोराला मी तेच सांगतेय. चेंडू आज आहे, उद्या नाही.”

“मॉम, ते मला शिकवत नाहीयेत,” लमॉन्ट म्हणाला. “मी विचारलं ते शिकवलंच नाही.”

“तू गप. मोठ्यांचं चाललंय.”

“माझ्या पायाचं चाललंय.”

ओडेसाने त्याच्याकडे पाहिले, मग फाईल उघडली. चष्मा लावला. पान उलटले आणि बोट ठेवले.

“मिस्टर गोफोर्थ, हे अक्षर तुमचं?”

“हो, बाई.”

“फेब्रुवारी चौदा. ‘घोटा, किरकोळ.’ फेब्रुवारी सोळा, तेच. मार्च दोन, तेच. लेक्सिंग्टनचे डॉक्टर म्हणतात, घोट्याला काहीच नाही. म्हातारीच्या पाठीवरचा व्रण मी पोटावर लिहिला असता, तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तुम्हाला कळलं नव्हतं, की कळूनही लिहिलं नाही?”

कोच म्हणाले, “त्या वेळच्या लक्षणांवरून...”

“मी यांना विचारतेय.”

आर्डिथची औषधे, घराचे छप्पर, निवृत्तीला उरलेली चार वर्षे, सगळे एकाच वेळी हार्लनसमोर उभे राहिले. मला कळले नव्हते, एवढे तीन शब्द म्हटले असते तर तो सुटत होता. कळले नसणे हा काही गुन्हा नव्हे. त्याने तोंड उघडले तेव्हा हेच शब्द येतील अशी त्याची स्वतःचीही खात्री होती.

“कळलं होतं,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी.”



“आणि आता?” ओडेसाने विचारले. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “जानेवारीत खेळायला हरकत नाही, असं कोच म्हणतात. तुम्ही काय म्हणता?”

“हाड जानेवारीत भरलेलं नसेल.”

“मग तुम्ही त्याला अडवाल ना? तुमचं कामच ते.”

कोच त्याच्याकडे पाहत होते. लमॉन्टही पाहत होता. हार्लनला वाटले, इथे फक्त ‘हो’ म्हणायचे आहे. चांगल्या माणसाचे उत्तर तेच. पण त्या शब्दावर विसंबून ही बाई मुलाला इथे ठेवून जाईल, आणि त्याने डेललाही असाच एक चांगला शब्द दिला होता.

“नाही,” तो म्हणाला. “नाही अडवणार. माझी तेवढी छाती नाही, बाई. जानेवारीत कोच म्हणतील, बांध. मी म्हणेन, लवकर होतंय. ते माझ्या बायकोची चौकशी करतील. आणि मी बांधीन. घट्ट बांधीन, चांगली बांधीन. तासभर काही जाणवणार नाही. फायलीत घोटा लिहीन. मी स्वतःला एकतीस वर्षं ओळखतो. म्हणून सांगतो, माझ्या भरवशावर याला इथं ठेवू नका. कोणी निवडो वा न निवडो, पाय दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या.”

बोलून झाल्यावर त्याला हातांचे काय करावे ते कळेना. त्याने ते मांड्यांखाली घातले.

ओडेसाने फाईल मिटली. पर्समध्ये ठेवली. मग तिने कोचच्या मागच्या भिंतीवरच्या चषकांकडे पाहिले.

“डिग्री नंतरही घेता येते का?” तिने विचारले, पण नेमके कोणाला विचारले ते कळले नाही. कोच उत्तर देऊ लागले तेव्हा ती उठली होती. “चल, लमॉन्ट. त्या मेम्फिसच्या माणसाला फोन लाव. पण आधी मला बोलू दे त्याच्याशी. कागद मी वाचीन. एकेक ओळ.”

दारात ती हार्लनसमोर थांबली. तो आभारांच्या अपेक्षेत नव्हता, आणि ते मिळालेही नाहीत.

“बाकीची मुलं?” तिने विचारले. “तुमच्या टेबलावर आणखी कितीजण बसतात?”

“तेरा.”

“त्यांच्या आयांना हे कोण सांगणार?”

ती उत्तरासाठी थांबली नाही. लमॉन्टने जाताना हार्लनच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर हार्लन उठून जिन्यापर्यंत गेला तरी त्या मोठ्या पंजाचे ओझे त्याला जाणवत राहिले.

रविवारी लमॉन्टचे नाव निवडीसाठी गेले. मंगळवारी गावाला कळले, आणि मॅव्हिसच्या उपाहारगृहात वेंडेलने कृतघ्नतेवर लांबलचक भाषण केले. हार्लन ते ऐकायला गेला नव्हता. तो आपल्या खोलीत एका खोक्यात सामान भरत होता: स्वतःच्या पैशांनी घेतलेली कात्री, आर्डिथचा फोटो, जुन्या संघांनी दिलेले दोन पेले. प्रत्येक पावलाच्या आवाजासरशी तो दाराकडे पाहत होता. काढून टाकण्याचे पत्र माणूस आणून देतो की टपालाने येते, हेही त्याला ठाऊक नव्हते. विमा त्याच दिवशी बंद होतो की महिनाअखेर, हे विचारायला तो दोनदा कार्यालयापर्यंत जाऊन परत आला होता. आणि तरीही, भीतीच्या तळाशी, एक विचित्र हलकेपणा होता. पत्र आले की संपेल, असे त्याला वाटत होते. पुन्हा कोणाचे पाऊल हातात घ्यावे लागणार नाही.

अडीचच्या सुमारास रस किंब्रो स्वतः आले. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांनी खोके पाहिले.

“हे काय, साफसफाई?”

हार्लनने हातातला पेला खोक्यात ठेवला.

“चांगलं आहे. जुनं सामान फार साठतं.” ते हसले. हसण्यात राग नव्हता. हार्लनने तो शोधून पाहिला. “तीन वाजता सराव आहे. दुसऱ्या कॉलेजातून एक उंच पोरगा आलाय, लमॉन्टच्या जागी. त्याच्या पायाची काही कुरकुर आहे म्हणतात. तू बघशील.”

“कोच, शनिवारी मी जे बोललो...”

“ऐकलं मी. शब्दन्‌शब्द ऐकला. आर्डिथला नमस्कार सांग.”

पावले दूर गेली. हार्लन खुर्चीवर बसला. नोकरी गेली नव्हती. ती आता कधीच जाणार नव्हती. कोच म्हणतील तेव्हा बांधीन, असे त्याने त्या दालनात सांगितले होते, आणि ते ऐकून एक बाई मुलाला घेऊन निघून गेली होती. कोचना मात्र ती शिफारस वाटली होती.